खंडेनवमीचा एक्सल

मोटारसायकल ही रस्त्यावरून चालवायची वस्तू आहे, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. माझा धाकटा भाऊही त्याच घरात वाढला, पण त्याच्या मते मोटारसायकल हवेत उडवायची असते आणि मग जमेल तशी खाली उतरवायची असते. त्यासाठी मातीचे उंचवटे करतात. त्यांच्यावरून अठरा-वीस शहाणी माणसं एकमेकांच्या तोंडावर चिखल उडवत फेऱ्या मारतात आणि शेवटी एकाला कप मिळतो. बाकीच्यांना काय मिळतं, हे मी त्याला कितीदा तरी विचारलं. तो म्हणायचा, "ताई, तुला नाय कळणार." मला न कळणाऱ्या गोष्टींची त्याची यादी मोठी होती आणि त्या सगळ्यांना चाकं होती.

मोरिवलीत माझा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि कोपऱ्यात पोलादाला पाणी द्यायची छोटी विजेची भट्टी. आमच्या शेतावर कारखाना उभा राहिला आणि बाबा त्याच कारखान्यात टर्नर म्हणून लागले. तिथून सुटल्यावर त्यांनी हा गाळा घेतला. भावाने मशीन शिकावं अशी त्यांची फार इच्छा होती. भाऊ पंधरा दिवस आला, सोळाव्या दिवशी त्याने लेथवर स्वतःच्या बाइकच्या सायलेन्सरचं तोंड बनवून घेतलं आणि पुन्हा फिरकला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांचा डबा घेऊन जायचे आणि तिथेच रेंगाळायचे. तुला शिकवतो, असं बाबा कधीच म्हणाले नाहीत. आधी "हे जरा धर" म्हणाले, मग "हे जरा कर" म्हणाले. ते गेले तेव्हा आनंदनगरमधल्या चार कंपन्यांचं काम मीच करत होते. तेव्हापासून मी लोकांना नावं ठेवत आले आहे, कारण लोक काम नीट करत नाहीत.

भावाने याआधी दोन बाइक बनवल्या होत्या. बनवल्या म्हणजे काय, तर गाडीचे दिवे, आरसे आणि मडगार्ड काढून टाकले आणि तिला स्टिकर लावले. पहिलीची चेन दुसऱ्या फेरीत उतरून चाकात अडकली. दुसरीचा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा सांगाडा, उल्हासनगरच्या कुणा वेल्डरने लांब करून दिला होता. तो सरावातच मोडला आणि भाऊ दोन महिने कमरेला पट्टा बांधून फिरत होता. एकही शर्यत त्याने पूर्ण केली नव्हती. पण टीम होती. एका बाइकला आठ माणसांची टीम. एक मॅनेजर, एक व्हिडिओ काढणारा, एक नुसता "चल भाई, चल भाई" ओरडणारा, आणि बाकीचे पाच काय करायचे ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिसरी बाइक बनवायचं ठरलं, तेव्हा इंजिन यायच्या आधी टीमचे टी-शर्ट छापून आले. हेल्मेट घातलेली कवटी, आणि खाली इंग्रजीत काहीतरी आग ओकणारं वाक्य. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, हे मी तेव्हा त्यांच्या तोंडावर म्हणाले. त्यांनी मलाही एक टी-शर्ट आणून दिला. मी त्याने मिलिंग मशीन पुसलं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात भाऊ गाळ्यात आला. मी मशीनवर असताना माझ्याशी कुणी बोललेलं मला चालत नाही, हे त्याला माहीत आहे, म्हणून तो अर्धा तास गप्प उभा राहिला. ते पाहूनच कळलं की काम मोठं आहे.

"ताई, ऐक ना," तो म्हणाला. "या टायमाला फक्त फिनिश करायचंय. कप नको, नंबर नको. झेंडा पडेल तेव्हा मी बाइकवर पाहिजे, बस."

"मग सायकल घे."

"छत्तीस पूर्ण झाले मला. हे लास्ट. तू बनव ना."

मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याची बायको, माझी भावजय, हेंद्रेपाड्याहून रिक्षा बदलत मोरिवलीला आली. तिच्या हातात डबा होता. ती घरी केक करून विकते. आदल्या आठवड्यात भावाच्या वाढदिवसाला तिने मोटारसायकलच्या आकाराचा केक केला होता, त्यातलं मागचं चाक माझ्यासाठी ठेवलं होतं. त्या केकचा फोटो मी पाहिला होता. पुढचा शॉकअप असा तिरका लावला होता, की ती गाडी पहिल्या वळणावर आडवी झाली असती. मी तिला तसं सांगितलंही. ती हसली आणि म्हणाली, "क्रीमचाच होता ना, ताई." मग ती स्टुलावर बसली आणि तिने जे सांगायचं ते सांगितलं.

"तो काही ऐकणार नाही. मी अडवलं तर चोरून जाईल. पण तुम्ही बनवणार असाल तर मी हो म्हणेन. बाबा नेहमी म्हणायचे, ताईच्या हातचं तुटत नाही. तुमच्या गाडीवर बसला तर मी घरी झोपू तरी शकेन."

मला स्तुती आवडत नाही असं मी सांगत असते. ते खोटं आहे. मी त्याच दिवशी हो म्हणाले.

पुढचे दोन महिने मी जे काम केलं, ते मी आजवर केलेल्या कामांत सगळ्यात चांगलं होतं, आणि ते मी कुणाच्या कौतुकासाठी सांगत नाही. जुनी दोनशे सीसीची गाडी आणली आणि तिची फक्त चासी आणि इंजिन ठेवलं. पुढचे शॉकअप परदेशी बाइकचे, भंगारात मिळालेले. एकाचा पाइप घासून काढावा लागला, पण बाकी निरोगी होते. ते आपल्या चासीला बसवायचे तर त्यांना धरून ठेवणारी वरची आणि खालची टी नवीन लागते, ती मी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मिलिंगवर काढली. चिमटा नवा केला, आतून पट्ट्या देऊन. हेड घासलं, पिस्टन बदलला, मागच्या चेनचक्राला चार दात वाढवले. टीम रोज संध्याकाळी येऊन बघत उभी राहायची आणि मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दाखवून मला शिकवायची. ज्याला साधा बोल्ट किती आवळायचा ते कळत नाही, तो मला सस्पेन्शन शिकवत होता. एकदा मॅनेजर म्हणाला, "ताई, मागचा शॉक अजून हार्ड करा, हार्ड म्हणजे प्रो." मी त्याला म्हटलं, आधी आपल्या घरच्या गादीवर दगड टाकून झोप आणि सकाळी ये. तो आठवडाभर आला नाही, मला शांतता मिळाली.

सगळ्यात जीव लावून केला तो पुढचा एक्सल, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर फिरतं तो दांडा. परदेशी शॉकअप आणि आपलं चाक, दोघांची मापं जुळत नव्हती. बाजारात तसा एक्सल मिळणारच नव्हता. मी चांगल्या मिश्र पोलादाचा गज घेतला, वजन कमी व्हावं म्हणून आतून पोकळ केला, तेलात विझवून कडक केला आणि पुन्हा तापवून त्याचा ताठा हवा तेवढा उतरवला. शेवटी ग्राइंडिंग केलं. मायक्रोमीटर दोन्ही टोकांना आणि मध्ये एकच आकडा दाखवत होता. तो दांडा मी घरी नेला आणि जेवताना ताटाशेजारी ठेवला. मी एकटी राहते, मला कुणी वेडी म्हणत नाही.

नवरात्र बसलं आणि टीमला सुचलं, की दसऱ्याला बाइकची पूजा करायची, फोटो टाकायचे, तर बाइक चमकली पाहिजे. भावाने मला विचारलं, की एक्सल, बोल्ट, हँडलचे क्लॅम्प यांना क्रोम करू का. मी म्हणाले, अजिबात नाही. का ते सांगितलं नाही. त्यांना सांगून काय उपयोग, असं मला वाटलं. दोन वाक्यं लागली असती.

ती दोन वाक्यं इथे सांगते. पोलाद जितकं कडक, तितकं ते क्रोमच्या टाकीत जास्त बिघडतं, कारण तिथल्या ॲसिडमुळे आणि करंटमुळे त्याच्या आत वायू शिरतो. टाकीतून काढल्यावर तीन-चार तासांच्या आत ते दोनशे डिग्रीवर आठेक तास भाजलं तर तो वायू निघून जातो, नाहीतर वरून आरशासारखं दिसणारं पोलाद जोराचा मार बसला की कडक बिस्किटासारखं तुटतं.

खंडेनवमी सोमवारी होती. आमच्या गाळ्यात त्या दिवशी सकाळी मशीन धुऊन-पुसून तेल लावतात, हळदकुंकू वाहतात आणि झेंडूचे हार घालतात. नटबोल्टचे पाने, कॅलिपर, मायक्रोमीटर पाटावर मांडतात. त्यानंतर दसऱ्याची पूजा होऊन गाळा पुन्हा उघडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, दोन दिवस त्यांना झोपू द्या, असं बाबा म्हणायचे. बाकी देवाधर्माचं मला फार काही नाही. लिंबू-मिरची मी भाजीत घालते. शेजारच्या गाळेवाल्याने अमावास्येला दारात कोहळा फोडला, की मी मुद्दाम त्याला विचारते, ऑर्डर आली का? पण खंडेनवमीचा हार मी स्वतः घालते, आणि भट्टीला सगळ्यात मोठा.

दुपारी एक वाजता आरती झाली. मी आणि आमचे मिस्त्री पेढे खात बसलो होतो. मिस्त्री देशावरचे, बाबांच्या वेळेपासूनचे. तेवढ्यात भाऊ आला, टी-शर्ट घालून, कपाळाला कुंकू लावून. त्याने वर्तमानपत्राची पुडी सोडली आणि मला न विचारता उचलून नेलेला माझाच एक्सल माझ्या हातात ठेवला. त्यात मला माझं नाक दिसत होतं.

"साईंकडून आणला आत्ताच. बोलला, आईना बना दिया," तो म्हणाला. "तू नाय बोललीस, पण ताई, बघ तरी. काय दिसतोय."

"टाकीतून कधी काढला?"

"गरम होता अजून, मीच फुंकर मारली. अर्धा तास झाला असेल."

त्या क्रोमवाल्या साईंना मी ओळखते. मला "अदी" म्हणतात, सिंधीत ताई. कामाला चोख माणूस. शोभेच्या वस्तूला क्रोम करतात, तसाच त्यांनी याला केला. भाजायचं काम त्यांचं नव्हतं, ते माझं होतं. मी भावाला इतकं बोलले, की तो पेढा न घेताच गेला. मग मी एक्सल घेऊन भट्टीपाशी गेले. अजून तीन तास हातात होते. आता चालू केली असती तर रात्रीपर्यंत काम झालं असतं.

भट्टीच्या दारावर हार होता. तिच्या बटणावर मीच सकाळी कुंकवाचं बोट टेकवलं होतं. मी हात वर नेला.

"ताई, आज नगं," मिस्त्री मागून म्हणाले. "परवा लावू की."

एवढंच म्हणाले आणि पेढ्याचा बॉक्स बंद करायला लागले. त्यांना त्या दांड्यात काय शिरलंय ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मिस्त्रींचं ऐकायचं मला काही कारण नव्हतं, मी रोज दहा वेळा त्यांचं ऐकत नाही. कुणी माझा हात धरला नाही, कुणी शपथ घातली नाही. बटणावरचं कुंकू पुसायला एक चिंधी पुरली असती. मी हात खाली घेतला, एक्सल पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गाळ्याला कुलूप लावलं. बाबांची भट्टी मला त्या दिवशी चालू करवली नाही. मला भीती वाटली. कसली, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मंगळवारी दसरा. सोनं वाटलं, श्रीखंड खाल्लं. बुधवारी सकाळी गाळा उघडल्यावर मी पहिलं काम केलं ते हार काढून एक्सल भट्टीत टाकायचं. आठ तास, दोनशे डिग्री, अगदी पुस्तकात लिहिलंय तसं. बैल गेला आणि झोपा केला. दोन दिवसांत आत जी काही चीर पडायची ती पडलेली असते, नंतर कितीही भाजा. संध्याकाळी मी एक्सल भिंगाखाली धरला. काही दिसलं नाही. भिंगातून दिसणारी चीर नसते ती, हेही मला माहीत होतं.

शर्यत रविवारी होती. मांडणीवर त्याच पोलादाचा गज पडलेला होता. नवा एक्सल करायला मला दीड दिवस लागला असता. हातात साडेतीन दिवस होते.

मी तो केला नाही. कारण क्रोमचा काढून घेतला असता तर भावाने विचारलं असतं, का. सोमवारी का नाही भाजलास? आणि मला सांगावं लागलं असतं, की भट्टीला हार घातला होता म्हणून. दोन महिने मी त्या आठ जणांच्या अकलेचे वाभाडे काढले होते. हँडलला लाल दोरा बांधला म्हणून मॅनेजरला चारचौघांत विचारलं होतं, की याने किती हॉर्सपॉवर वाढते? आणि आता मी सांगणार, की मी, मोरिवलीची टूलरूमवाली, झेंडूच्या फुलांना बिचकले. त्यांनी ते टी-शर्टवर छापलं असतं. मी स्वतःला समजावलं, की सगळेच दांडे तुटत नाहीत. एखादा टिकतो. मी एरवी कारखान्यांच्या इंजिनियरांना हेच वाक्य बोलताना पकडते आणि सोलून काढते.

गुरुवारी मी तो एक्सल स्वतःच्या हाताने बसवला. टॉर्क पान्याचा टक् आवाज आला तेव्हा भावजय दारात उभी होती. ती बाइक बघायला आली होती. तिने आत येऊन सीटला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, "ताई, सगळं नीट आहे ना?"

"माझ्या हातचं आहे," मी म्हणाले.

शर्यत बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, एका बिल्डरने सपाट करून ठेवलेल्या जागेवर होती. इमारती उभ्या राहायच्या होत्या, तोवर उंचवटे उभे केले होते. शिरतानाच फ्लेक्स, त्यावर चाळीस शुभेच्छुकांचे फोटो आणि स्पर्धकांपैकी एकाचाही नाही. उद्घाटन नऊला होतं, पाहुणे अकराला आले. त्यांनी पहिल्या उंचवट्यावरच नारळ फोडला, करवंट्या तिथेच राहिल्या आणि पुढच्या टायरांनी त्या वेचल्या. टँकरने पाणी मारून लाल चिखल केला. डीजे इतका मोठा, की इंजिन चालू आहे का बंद ते स्वाराला पायाने कळावं. प्रेक्षक बरोबर वळणाच्या आतल्या बाजूला उभे, जिथे गाडी घसरून येते. निवेदक हिंदीत सुरू करायचा, मराठीत अडखळायचा आणि इंग्रजीत ओरडायचा. रुग्णवाहिका होती, ड्रायव्हर वडापाव खायला गेला होता.

आमच्या टीमने हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. मी खिशातून कटर काढून सगळ्यांसमोर ती कापली आणि चिखलात टाकली. "गाडी माझ्या हातची आहे," मी म्हणाले, "तिला लोणच्याची गरज नाही." दोघे-तिघे हसले. मॅनेजरचा चेहरा पडला. भाऊ हेल्मेटच्या आतून म्हणाला, "जाऊ दे रे, ताईचं बरोबर आहे." भावजय माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने माझा दंड धरला होता.

सहा फेऱ्या होत्या. भाऊ चांगली चालवत होता. त्याला चालवता येतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गाडी हवेत शांत राहत होती, उतरताना आधी मागचं चाक टेकत होतं, मग पुढचं, जिना उतरावा तसं. चौथ्या फेरीत तो पाचवा होता. भावजय बोटांवर फेऱ्या मोजत होती आणि शेजारणीला सांगत होती, गाडी आमच्या ताईंनी बनवलीय. मी प्रत्येक उंचवट्याला श्वास धरत होते. पाचव्या फेरीत, मोठ्या उंचवट्यावरून तो खाली आला, पुढचं चाक टेकलं आणि दोन्ही शॉकअपच्या मधून बाजूला निघून गेलं. भाऊ हँडलवरून पुढे फेकला गेला आणि खांद्यावर पडला.

सगळे त्याच्याकडे धावले. मीही धावले. पण आधी मी वाकून चिखलातून एक्सलचा तुकडा उचलला आणि अंगठ्याने पुसला. वाकलेला नव्हता. तुटल्या जागी खडीसाखरेसारखे दाणे चमकत होते. मला जे बघायचं होतं ते दिसलं, मी तो खिशात टाकला आणि मग भावाकडे गेले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सख्खा भाऊ पडलेला असताना मी आधी पोलाद बघितलं.

डाव्या खांद्याचं हाड आणि उजवं मनगट. मनगटात पट्टी आणि पाच स्क्रू घातले. डॉक्टर म्हणाले, हात चालेल, पण पहिल्यासारखी पकड येणार नाही. म्हणजे शर्यत संपली, कायमची. दवाखान्याबाहेर टीम जमली होती आणि त्यांचं एकमत झालं होतं, की लिंबू कापलं म्हणून हे झालं. मॅनेजर माझ्याकडे बघत नव्हता. आत भाऊ, गुंगीतून पुरता बाहेरही आला नव्हता, मला म्हणाला, "ताई, सॉरी. तू नाय बोलली होतीस. मीच क्रोम केलं." मी त्याच्या पांघरुणाची घडी नीट केली. तेव्हा बोलायला हवं होतं.

आठ दिवसांनी मी हेंद्रेपाड्याला गेले. भाऊ आतल्या खोलीत झोपला होता. भावजय स्वयंपाकघरात होती, कुणाच्या तरी बारशाच्या केकची ऑर्डर होती. तिने मला स्टूल दिलं आणि पीठ चाळत राहिली. मी तुटलेला एक्सल ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. क्रोमनंतर भाजायचं असतं हे सांगितलं, सोमवारी दुपारी वेळ होता हे सांगितलं, भट्टीला हार घातला होता म्हणून मी ती लावली नाही हेही सांगितलं. ती ओरडेल, रडेल, घरातून जा म्हणेल, याची मी तयारी करून गेले होते. मला तेच हवं होतं.

तिने चाळण खाली ठेवली. "खंडेनवमीला कोण भट्टी लावतं, ताई," ती म्हणाली. "आमच्या माहेरी त्या दिवशी विळासुद्धा उचलत नाहीत. तुम्ही काही चुकीचं नाही केलंत."

ज्या गोष्टीला मी आयुष्यभर हसले, तिच्याच नावाने ती मला माफ करत होती.

मग तिने तो तुकडा हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "किती तापवायला लागतं याला?"

"दोनशे डिग्री. सात-आठ तास."

तिने मागे वळून पाहिलं. ओट्यावर तिचा ओव्हन चालू होता, काचेआड केक फुगत होता. दाराजवळच्या आकड्यांवर तिने बोट ठेवलं. "हा अडीचशेपर्यंत जातो. दिवसभर चालतो, दिवाळीत तर बारा-बारा तास. मोरिवलीहून इथे यायला तुम्हाला कितीसा वेळ लागतो?"

खरं सांगते, मला तो सुचलाच नव्हता. माझ्या हिशेबी ती भट्टी नव्हतीच, ते केकचं खेळणं होतं.

"आणि नंतर चार दिवस होते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दुसरा का नाही केलात?"

"तुम्ही सगळे मला हसाल म्हणून."

मग तिने एक्सलचा तुकडा माझ्या हातात परत दिला.

"आम्ही कुठे कुणाला हसतो, ताई," ती म्हणाली. "हसता तर तुम्ही."

आतून भावाने हाक मारली. त्याला पाणी हवं होतं आणि डाव्या हाताने त्याला तांब्या उचलता येत नव्हता. ती ग्लास भरून आत गेली. केकची वेळ झाली, तेव्हा ओव्हन मीच बंद केला.